निकालपत्रातील एक संसार

न्यायालयाचे निकालपत्र साहित्यकृतीसारखे वाचावे, असे सहसा कोणी सुचवत नाही. निकालपत्रात आपण निर्णय शोधतो, कलमे शोधतो. त्यातील वाक्यांकडे वाक्ये म्हणून पाहत नाही. तरीही बाहेरून मुंबईत आलेल्या गरीब माणसाचे चित्रण या शहरात कसे होत आले, याचा विचार करू लागले, की एक निकालपत्र टाळून पुढे जाता येत नाही. ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी दिला. तो इंग्रजीत आहे. पण पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे मराठी, त्यातील घटना मुंबईतील, आणि त्यातील एका याचिकाकर्त्याच्या कहाणीत आपल्या दहिसरचे नाव आहे. कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालाची पुष्कळ चर्चा केली. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. मला येथे त्याची वेगळी बाजू पाहावयाची आहे. या निकालपत्रात एका जोडप्याचा संसार आला आहे. तो कसा आला आहे, किती आला आहे आणि कोठे हरवला आहे, हे पाहिले म्हणजे आपल्या साहित्याविषयीही काही प्रश्न उभे राहतात.

प्रथम पार्श्वभूमी. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठविण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात अशा निवाऱ्यांत राहणे अमानुष आहे, असे त्यामागील कारण सांगण्यात आले. त्यानंतर महापालिकेची पथके बाहेर पडली आणि झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. या कारवाईविरुद्ध काही फुटपाथवासी, दोन पत्रकार, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संघटना आणि पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या कामराजनगर या वस्तीतील रहिवासी न्यायालयात गेले. ऑल्गा टेलिस या पत्रकारांपैकी एक. त्यांच्याच नावाने हा खटला ओळखला जातो.

निकालपत्राचा आरंभ विलक्षण आहे. शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत राहते, असे सांगून न्यायमूर्ती त्या जगण्याचे वर्णन करू लागतात. पिसाळलेली कुत्री येतात, उंदरांच्या मागे लागलेली मांजरे येतात. जेथे शौच तेथेच स्वयंपाक आणि तेथेच झोप. वयात आलेल्या मुली येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरांखाली आंघोळ करतात. बायका एकमेकींच्या डोक्यातील उवा काढतात. मुले भीक मागतात आणि काम नसलेले पुरुष साखळ्या खेचतात. वर्णन प्रभावी आहे यात शंका नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, शासनाला लाज वाटावी, हा त्यामागचा हेतूही उघड आहे आणि तो सहानुभूतीचा आहे. पण टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर या परिच्छेदात एकही माणूस नाही. मुली आहेत, बायका आहेत, मुले आहेत, पुरुष आहेत, सारे अनेकवचनी. कुत्री, मांजरे, उंदीर आणि माणसे एकाच चालीने, एकाच कॅमेऱ्यासमोरून जावीत तशी जातात. हे चित्र वस्तीचे आहे. त्यात कोणी कोणाचे नवरा-बायको नाहीत, कोणाचे कोणाशी काही ठरलेले नाही, कोणी कोणाची वाट पाहत नाही.

त्यानंतर काही ओळींनी निकालपत्राची भाषा बदलते. उपमा संपतात, विशेषणे गळून पडतात आणि याचिकांतील दोन फुटपाथवासीयांची माहिती अगदी कोरड्या शब्दांत येते. त्यांतला एक तामिळनाडूतील सेलमचा. गावी तो भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ साली तो मुंबईत आला. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात त्याला दिवसाला २३ रुपयांवर काम मिळाले. एका झोपडीदादाने २,५०० रुपये उकळून त्याला फुटपाथवर ताडपत्री-प्लॅस्टिकचा आडोसा दिला. तेथे तो, त्याची बायको आणि १६, १३ व ५ वर्षांच्या तीन मुली राहत होत्या. दुसरा आपल्या संगमनेरचा. गावी तो चांभारकाम करी आणि दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. तेथले घर पडले म्हणून १९६९ साली तो आला. येथे ३५० रुपये महिन्यावर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेसाठी त्याने एका गुंडाला ३०० रुपये दिले आणि बांबू-प्लॅस्टिकला ७०० रुपये खर्च केले.

मला निकालपत्रातील हा भाग अधिक मोलाचा वाटतो. येथे प्रत्येक आकडा एखाद्या कथेचा ऐवज आहे. २३ रुपये रोजाने २,५०० रुपये म्हणजे १०८ दिवसांहून अधिक मजुरी. त्यातून रोज पाच माणसांनी खायचे, मग उरलेल्यातून झोपडीदादाला द्यायचे. किती वर्षे लागली असतील, कोणाकडून उसने आणले असतील, कोणता दागिना मोडला असेल, ते वाचकाने मनाशी मांडावे. संगमनेरच्या माणसाचे १,००० रुपये म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा सबंध पगार. फुकट जागा बळकावणारे म्हणून ज्यांची संभावना होते, त्यांनी त्या जागेची किंमत मोजलेली आहे. फक्त ती पावती न देणाऱ्याला मोजलेली आहे. निवासाचा पुरावा नसतो याचा अर्थ निवास नसतो असा नव्हे, हे सांगायला न्यायमूर्तींना येथे एकही विशेषण वापरावे लागले नाही.

या कहाणीत दहिसरचा उल्लेख ओझरता आहे, पण दहिसरच्या वाचकाला तो अडवतो. दहिसर स्वतः बृहन्मुंबईच्या हद्दीत आले ते १९५७ साली. सेलमचा हा मजूर मुंबईत उतरला तेव्हा दहिसरला मुंबईकर होऊन उणीपुरी चार वर्षे झाली होती. गाव शासनाच्या एका निर्णयाने शहराचे झाले. त्या गावातल्या कारखान्यात राबणारा माणूस वीस वर्षांनंतरही शहराचा झाला नाही, कारण त्याच्या बाजूने तसा कोणताही कागद कोणी काढला नव्हता.

आता त्याच्या बायकोकडे वळू. निकालपत्रात मुलींची वये आहेत. नवऱ्याच्या येण्याचे वर्ष आहे, रोज आहे, त्याने दिलेली रक्कम आहे. बायकोविषयी ती होती, एवढेच आहे. ती केव्हा आली, लग्न करून थेट या ताडपत्रीखाली आली की आधी गावी राहून मग आली, ती काही काम करत होती का, यांपैकी काहीही नाही. थोरली मुलगी याचिकेच्या वेळी १६ वर्षांची होती. म्हणजे तिचा जन्म नवरा मुंबईत आल्यानंतर तीन-चार वर्षांनी झाला. त्या एका वयावरून या संसाराच्या आरंभाची अंधूक कल्पना करता येते. आणि बायकोच्या आयुष्याविषयी निकालपत्रातून मिळणारा तो एकमेव धागा आहे. न्यायालयाला हा दोष देता येणार नाही. खटल्याला लागते तेवढेच ते नोंदवणार. पण आपण वाचक आहोत, आणि जे नोंदले गेले नाही तेही वाचणे हे आपले काम आहे.

पुढे २३ जुलै १९८१ चा दिवस येतो. त्या दिवशी महापालिकेने ती झोपडी पाडली. नवरा, बायको आणि तीन मुली यांना सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. बायको आणि मुली सेलमला राहिल्या. नवरा कामाच्या शोधात पुन्हा मुंबईला आला आणि पुन्हा एका फुटपाथवर राहू लागला. निकालपत्रात हे अवघ्या दोन-तीन वाक्यांत आटोपते. कायद्याच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट झोपडी पाडली गेली ही आहे. माणसाच्या दृष्टीने पाहिले तर येथे झोपडीबरोबर एक संसार दुभंगला आहे. वीस वर्षे फुटपाथवरच्या दारिद्र्याने, झोपडीदादाच्या वसुलीने आणि वीस पावसाळ्यांनी जे साधले नाही, ते एका बसने साधले. नवरा-बायको दोन राज्यांत राहू लागले.

याच घटनेविषयी शासनाचे म्हणणेही निकालपत्रात आहे. शासनाने कोणालाही शहराबाहेर घालवले नाही, घालवण्याचा विचारही नव्हता. ज्यांनी मूळ गावी परत जाण्याची इच्छा लेखी व्यक्त केली आणि मदत मागितली, त्यांनाच प्रवासाची सोय व भाडे देण्यात आले, असे ते म्हणणे. एकाच प्रसंगाचे दोन निवेदक एकाच संहितेत समोरासमोर उभे आहेत. एक म्हणतो, आम्हाला बसमध्ये घातले. दुसरा म्हणतो, त्यांनी लिहून दिले. ज्या माणसांजवळ राहण्याविषयीचा एकही कागद नव्हता, त्यांच्या जाण्याविषयीचा मात्र कागद होता, असा या दुसऱ्या निवेदनाचा अर्थ होतो. कादंबरीकाराला या दोन वाक्यांमधल्या जागेत अख्खे पुस्तक लिहिता आले असते. चाळीस वर्षे उलटली, ते पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील जोडपे या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. योसेफ आणि गरोदर मरिया नाझरेथहून बेथलेहेमला जातात ते नावनोंदणीसाठी. सम्राटाची आज्ञा आहे, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नोंद करावी. तेथे उतरायला जागा मिळत नाही, पण नोंदवहीत दोघांसाठी जागा आहे. त्यासाठीच तर हा प्रवास आहे. १९८१ च्या बसमध्येही जोडपी मूळ गावी जात होती. फरक इतकाच, की हा प्रवास त्यांची नोंद होऊ नये यासाठी होता.

कामराजनगरच्या रहिवाशांच्या याचिकेतील एक तपशील याला जोडून वाचावा. महामार्गालगत जलवाहिन्या टाकण्याच्या कामावर आलेल्या मजुरांनी १९६०-६१ च्या सुमारास ही वस्ती उभी केली. ज्या रस्त्याने आज आपण दहिसरहून वांद्र्याकडे जातो, त्याच्या कडेने जलवाहिन्या टाकणाऱ्यांची ही घरे. तेथील रहिवाशांनाही २३ जुलैलाच एस. टी. गाड्यांत कोंबून नेल्याचा आरोप आहे. त्या प्रवासात दोन बालके जन्मली, पण दुसऱ्या दोन मुलांच्या मृत्यूने त्यांची वजावट झाली, अशा अर्थाचे वाक्य निकालपत्रात आहे. वजावट हा जमाखर्चाचा शब्द आहे. न्यायमूर्तींनी तो उपरोधाने वापरला असावा. शासनाच्या हिशेबी वृत्तीवर तो ओरखडा आहे, असे मी समजतो. तरीही वाचताना मनात येते, की दोन बाळंतिणी आणि मूल गमावलेल्या दोन माता या चार स्त्रिया त्या वाक्यातून पूर्ण गळून पडल्या आहेत. शिल्लक शून्य दाखवणाऱ्या वाक्यात त्यांना बसायला जागा नाही.

निकालपत्राचे हे वाचन केल्यानंतर आपल्या कथा-चित्रपटांकडे पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. मुंबईतील मध्यमवर्गीय जोडप्याची जागेची अडचण हा आपल्याकडे पूर्वापार आवडीचा विषय आहे. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला. चाळीतील भरल्या घरात नवविवाहित जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे. त्यावरून बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत ‘पिया का घर’ केला. १९७७ च्या भीमसेन यांच्या ‘घरौंदा’मध्ये एका कचेरीत काम करणारे दोघे जण घरासाठी पै-पै साठवतात. बांधकाम करणारा त्यांना फसवतो आणि घराबरोबर प्रेमही मोडते. या कृतींत जागा नाही ही अडचण आहे आणि जोडपे हा विषय आहे. त्यांची स्वप्ने, चिडचीड, रुसवे, हिशेबाची वही यांना पडद्यावर वेळ मिळतो.

गरिबाची गोष्ट सांगताना मात्र विषय बदलतो. तेथे वस्ती हा विषय होतो आणि जोडपे हा तिचा एक तपशील. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ सालची. झोपडपट्टीचे जीवन मराठीत इतक्या निर्भीडपणे त्यापूर्वी क्वचितच आले होते, आणि त्या धाडसाचे श्रेय दळवींना दिलेच पाहिजे. रवींद्र धर्मराज यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट १९८१ चा, म्हणजे ज्या वर्षी बसेस निघाल्या त्याच वर्षीचा. स्मिता पाटील यांना त्यातील अम्माच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात अम्मा नवऱ्याबरोबर गावाहून पळून मुंबईत येते. झोपडी उभारायला पत्रा हवा म्हणून नवरा तो चोरायला जातो आणि गोळी लागून मरतो. म्हणजे या संसाराला छप्पर मिळण्याआधीच तो संपतो. त्यानंतर अम्माची, लुकाची, बेन्वाची आणि वस्तीची गोष्ट सुरू होते. शेवटी वस्तीही भुईसपाट होते. मला या कथेच्या सत्यतेविषयी शंका घ्यायची नाही. मला विचारायचे आहे ते असे, की गरिबाच्या कथेला आरंभ करण्यासाठी आधी त्याचे लग्न मोडावे का लागते? पत्रा मिळाला असता आणि त्याखाली दोघे वीस वर्षे राहिले असते, तर ती गोष्ट आपल्याला सांगण्याजोगी वाटली असती का?

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा अनुबोधपट १९८५ चा, म्हणजे निकालाच्याच वर्षीचा. झोपड्या पाडण्याच्या मोहिमा, त्यांचे समर्थन करणारे सुखवस्तू नागरिक आणि बेघर झालेली माणसे त्यात समोरासमोर येतात. त्यातील एका प्रसंगाने मला नेहमी अस्वस्थ केले आहे. झोपडी गेलेली एक स्त्री कॅमेऱ्यामागच्या माणसालाच जाब विचारते, की आमचे फोटो काढून आम्हाला काय मिळणार? दिग्दर्शकाने हा प्रसंग कापून टाकला नाही, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. तिचा प्रश्न केवळ कॅमेऱ्याला नाही. चांगल्या हेतूने वस्तीचे चित्र काढणाऱ्या निकालपत्रालाही तो आहे, कादंबरीकारालाही आहे, आणि हा लेख लिहिणाऱ्यालाही आहे. तिला चित्र नको होते. तिला स्वतःच्या नावाची नोंद हवी होती.

ही नोंद म्हणजे काय, ते थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण साहित्याची चर्चा येथे शिधावाटप कार्यालयाच्या रांगेपर्यंत जाते. सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचा फुटपाथ मोकळे करण्याचा अधिकार मान्य केला, पण ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, कारवाई करू नये असे सांगितले. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना पर्यायी जागा देण्यात यावी, असेही सांगितले. येथून मुंबईच्या गरिबाच्या आयुष्यात तारखेचे राज्य सुरू झाले, ते आजतागायत चालू आहे. १९७६ नंतर आणखी तारखा आल्या. पुढे १ जानेवारी १९९५ ही संरक्षणाची तारीख ठरली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ती १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना किंमत घेऊन घर देण्याची तरतूद आली. त्या तारखेपूर्वी आपण येथे होतो, हे कागदाने सिद्ध करायचे. मतदार यादीतील नाव, शिधापत्रिका, विजेचे बिल यांतून जे हाती लागेल ते. शहरात घरे कमी आणि माणसे अफाट, तेव्हा कोठेतरी रेषा ओढावी लागते, हे शासनाचे म्हणणे नाकारता येत नाही. पण रेषा कोणाच्या दारातून जाते, ते पाहण्याची जबाबदारी उरतेच.

ती रेषा पुष्कळदा एकाच घरातल्या दोघांच्या मधून जाते. लग्न होऊन मुंबईत आलेल्या स्त्रीचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवर असते. तेथून ते कमी करून घ्यायचे, तसा दाखला आणायचा, आणि तो येथे देऊन नवऱ्याच्या पत्रिकेवर नाव चढवायचे, अशी रीत. पण नवऱ्याचे नाव गावच्या एकत्र कुटुंबाच्या पत्रिकेवर असेल तर? येथला पत्ता म्हणजे फुटपाथ असेल तर? माहेरी एक नाव, सासरी दुसरे, आणि मतदार यादी करणाऱ्याने कानाला आले ते तिसरे लिहिले असेल तर? पावसाच्या पाण्यात किंवा पाडापाडीच्या धांदलीत पेटीच गेली असेल तर? नवऱ्याच्या नावे एखादा जुना कागद निघतो. तो कामावर असतो, मतदान करतो, कोठेतरी सही-अंगठा देतो. बायको त्याच झोपडीत त्याच दिवसापासून असते, पण तिच्या असण्याला साक्षीदार तिच्या चुलीशिवाय दुसरा नसतो. नवरा वारला किंवा निघून गेला, की ती ज्या घरात वीस वर्षे राहिली तेथे ती राहत होती हेच तिला सिद्ध करावे लागते. पुनर्वसनासाठी जी यादी होते, ती ‘परिशिष्ट-२’ या नावाने ओळखली जाते, आणि त्या यादीत माणसे दोन प्रकारची असतात: पात्र आणि अपात्र. मराठी टीकेत पात्र हा शब्द आपण कथेतील व्यक्तीसाठी वापरतो. सेलमच्या मजुराची बायको या दोन्ही अर्थांनी अपात्र ठरलेली आहे.

आपल्या चर्चमधील विवाह-नोंदवही या संदर्भात आठवावी. तिच्यात एकाच नोंदीत वर आणि वधू दोघांची नावे येतात. विधी चालविणारा धर्मगुरू, दोन साक्षीदार, ठिकाण, तारीख. जमीन कोणाची, पत्रा कोणाचा, पगार किती, हे त्या नोंदीत नाही. दोघांनी एकमेकांना शब्द दिला आणि तो इतरांनी ऐकला, एवढेच तिला पुरते. ती निवासाचा पुरावा नसते, म्हणून महापालिकेच्या खिडकीवर ती फारशी उपयोगाची नाही. पण संसाराची नोंद कशी असू शकते, त्याचा एक नमुना तिने जपून ठेवला आहे.

शासनाच्या कागदालाही ही दृष्टी कधीतरी सुचली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमांत असे कलम आहे, की नव्याने बांधून मिळणारे घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार या दोघांच्या संयुक्त मालकीचे असेल, आणि गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात व भागपत्रावर तशी नोंद झाली असल्याचे मानले जाईल. एखाद्या कारकुनाने दुसरे नाव लिहायचे टाळले, तरी कायदा ते लिहिले गेले असेच धरतो. या रुक्ष वाक्यात जी समज आहे, ती ‘चक्र’मध्ये नाही आणि निकालपत्राच्या त्या भेदक आरंभातही नाही. वस्ती पाडून इमारत बांधण्याच्या नियमावलीत कोणाला तरी आठवले, की या झोपडीत दोन माणसे होती. अर्थात हा लाभ आधी पात्र ठरणाऱ्यांनाच, हे ओघाने आलेच.

मराठीत याच्या जवळ जाणारे लेखन मुळीच नाही असे नाही. नारायण सुर्वे हे जन्माचा कागद नसलेले कवी. रस्त्यावर सापडलेल्या त्या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले आणि आपले नाव दिले. त्यांच्या कवितेवर पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने कृष्णाबाई सुर्वे यांच्या ‘मास्तरांची सावली’ या आत्मकथनाकडे आपल्या समीक्षेचे लक्ष कमी गेले. शीर्षकात ही स्त्री स्वतःला सावली म्हणवते. पुस्तक वाचताना मात्र कवीच्या घराचा हिशेब कवितेबाहेर उभे राहून कोणी ठेवला, ते कळते. गरिबीत टिकलेले लग्न हा विषय केवढा मोठा आहे, त्यात किती रोजचे शहाणपण, किती तडजोड आणि किती विनोद लागतो, हे आतून सांगणारी अशी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी थोडी आहेत. ती वाङ्मयगुणांत कमी पडतात, अशी तक्रार कानावर येते. निकालपत्रातील कोरडा परिच्छेद उपमांनी भरलेल्या परिच्छेदापेक्षा अधिक सांगून जातो, हे ज्याला पटले असेल, त्याने ही तक्रार पुन्हा तपासावी.

एक आक्षेप मला दिसतो. कोणी म्हणेल, साहित्याने संसार रंगवला म्हणून कोणाला शिधापत्रिका मिळणार आहे? मिळणार नाही. त्या स्त्रीने पटवर्धनांना विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर साहित्याजवळ नाही आणि असल्याचा आव त्याने आणू नये. परंतु कागद मागणारा अधिकारी, कायदा लिहिणारा सचिव आणि निकाल देणारा न्यायमूर्ती हे सारे आधी कोणत्यातरी भाषेचे वाचक असतात. त्यांच्या मनात झोपडपट्टी म्हटले की काय उभे राहते, ते पुष्कळसे आपल्या कथांनी आणि चित्रपटांनी ठरवलेले असते. तेथे जर केवळ उवा, कुत्री आणि साखळ्या खेचणारे हात उभे राहिले, तर बसमध्ये कोण कोणाशेजारी बसले आहे, याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटणार नाही. दोघांच्या नावाने घर द्या, असे म्हणणारे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र कोणीतरी दोघे जण असले पाहिजेत.

म्हणून येथून पुढे मुंबईत येणाऱ्या गरिबांविषयीचे लेखन वाचताना मी एक साधी कसोटी लावू इच्छितो, आणि आपल्या तरुण लेखकांनीही ती आपल्या लिखाणाला लावून पाहावी अशी विनंती आहे. या कथेतील नवऱ्याची मजुरी आपल्याला कळते. त्याच्या बायकोचे वय कळते का? दहिसरच्या कारखान्यात २३ रुपये मिळवणाऱ्या माणसाच्या घरी, त्या २३ रुपयांचे पाच जणांत वाटे करणारी एक स्त्री होती. जुलै १९८१ मध्ये ती तीन मुलींना घेऊन सेलमला उतरली. तेथून पुढची तिची गोष्ट कोणत्याही दप्तरात नाही, आणि अद्याप कोणत्याही भाषेच्या लेखकाने ती मागायला जाऊ नये, हे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.